रेडिओला पत्ते सांगणाऱ्या पोस्टमनकाकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्रात नाव येता कामा नये, असे तुम्ही बजावले आहे, म्हणून मायन्यात नुसते 'काका' लिहिले आहे. कसबा, मंगळवार आणि रास्ता पेठेतल्या ज्या घरांत तुम्ही बत्तीस वर्षे टपाल टाकले, तिथे हे काका कोण, असे कोणी विचारणार नाही. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो, की पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या माणसांशी गप्पांचा जो कार्यक्रम आमचे लहानसे सामुदायिक रेडिओ केंद्र गेली दोन वर्षे ऐकवते आहे, तो एका निवृत्त पोस्टमनच्या पायपिटीवर उभा आहे, आणि त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार मानायला आम्हाला फार उशीर झाला आहे.

आमची सुरुवात कशी झाली, ते तुम्ही पाहिलेच आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्याच मातीतले, याचा आम्हाला कोण अभिमान! पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले. दार उघडले तरी आत काय मांडायचे, हा प्रश्न होताच. पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, फार तर तीस मीटरचा मनोरा आणि आठ-दहा किलोमीटरांचा टापू, एवढा आपला संसार. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवायच्या. शिवाय निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवरच तयार झालेले हवेत, असा दंडक. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलते करण्यावाचून आम्हाला दुसरा मार्गच नव्हता. आम्ही सहाजणांनी चौदा प्रश्नांची यादी छापून घेतली, गळ्यात ओळखपत्रे अडकवली आणि वाड्यावाड्यांतून फिरू लागलो.

तीन आठवड्यांत एकही गप्पा म्हणावी अशी गप्पा हाती लागली नाही. कोणी आम्हाला जनगणनेवाले समजले, कोणी वीजबिलाच्या वसुलीला आलेले समजले, आणि ज्यांनी रेडिओवाले म्हणून ओळखले त्यांनी "आमचं काय ऐकायचंय लोकांनी?" असे म्हणून दार लोटून घेतले. जे बोलले ते शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावे तसे बोलले. पुणे हे विविधतेने नटलेले शहर आहे, हे वाक्य आमच्याकडे नऊ निरनिराळ्या आवाजांत ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते कोणाला हवे असल्यास आम्ही विनामूल्य देऊ.

चहाच्या टपरीवर आमचे हे रडगाणे चालू असताना शेजारच्या बाकावरून तुम्ही म्हणालात, "प्रश्न नका विचारू. पत्ता विचारा." तेव्हा आम्हाला वाटले, काका चेष्टा करताहेत. पण पत्ता विचारला की पुणेकर थांबतो, हात वर करून दिशा दाखवतो, आणि सोन्या मारुती किंवा डुल्या मारुती अशी खूण सांगता सांगता त्या मारुतीला तसले नाव का पडले, तिथे पूर्वी काय होते, त्याच्या घरापासून ते किती पावलांवर आहे, हे सगळे न विचारता सांगून मोकळा होतो. उपाशी विठोबा आणि दाढीवाला दत्त ज्या गावात पत्त्यात लिहिले जातात, त्या गावात दुसरे काही विचारायची गरज नसते, हे तुम्हाला टपालाच्या पिशवीने शिकवले होते. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्य लिहिणारे गृहस्थ होते, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळले. "सहा आकडे लिहून माणूस सापडत नाही, आळी सापडते," ही त्यावरची तुमची टिप्पणी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आमच्याबरोबर निघालात. पहिलेच घर तांबट आळीतले. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणारी ही माणसे; बंब आणि घंगाळे यांच्या हातची. तुम्ही ओळख करून दिली आणि पायरीवर बसलात. मी रेडिओवाल्याच्या तोऱ्यात कारागिराला म्हणालो, की जरा हातोडा थांबवता का, आवाज फार येतो आहे. त्यांनी थांबवला. मग ते हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसावे तसे बसले, आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला "हो", "तसंच आहे", "वडिलांपासून" एवढीच उत्तरे आली. दहा मिनिटांनी तुम्ही पायरीवरूनच म्हणालात, "अहो, त्यांना मठारू द्या की." हातोडा पुन्हा सुरू झाला, आणि त्याबरोबर माणूसही सुरू झाला. मठारकाम, म्हणजे भांड्याला हातोड्याचे ठोके देण्याचे काम, करताना दर ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पडला पाहिजे, मध्ये जागा राहिली की भांडे ओरडते, ठोक्यांनी पत्रा नुसता चमकत नाही तर घट्टही होतो, आणि शेजारच्या दुकानात कोण काम करतो आहे हे न बघता त्याच्या ठोक्यावरून सांगता येते, हे सगळे त्यांनी ठोक्यांच्या मधल्या फटींतून सांगितले. शब्द आणि ठोका एकमेकांवर पडू न देण्याची त्यांची लय इतकी पक्की होती, की ते ध्वनिमुद्रण कापायला बसल्यावर आम्हाला कुठेही कात्री लावता आली नाही.

रास्ता पेठेतल्या तमिळ आजींच्या घरी मी याहून मोठी चूक केली, आणि तिच्याबद्दल मला अजूनही शरम वाटते. आजी लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासरे लष्कराच्या हिशेब खात्यात होते आणि घराबाहेरची सगळी मराठी त्या मंडईत भाजी घेता घेता शिकल्या. बोलण्याच्या ओघात त्या "माझा सासू फार कडक होता" असे म्हणाल्या. मी, व्याकरणाचा अभिमानी, त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी निमूटपणे "माझी सासू फार कडक होती" असे शुद्ध वाक्य म्हटले आणि त्यानंतर पाच मिनिटे त्या प्रत्येक क्रियापदापाशी अडखळत राहिल्या. तुम्ही नुसते खोकलात. बाहेर पडल्यावर मात्र रस्त्यात थांबून म्हणालात, की पाकिटावरचे अक्षर वाईट आहे म्हणून पोस्ट पत्र परत पाठवत नाही. आम्ही पहिलेच वाक्य ऐकवले. त्या भागानंतर केंद्रावर जितके फोन आले तितके पूर्वी कधी आले नव्हते, आणि त्यांतले बरेचसे अशा घरांतून होते जिथे सासू अजूनही 'कडक होता'.

त्याच पेठेत बेने इस्राएल या यहुदी समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे, हे आमच्यापैकी चौघांना ठाऊकसुद्धा नव्हते. कँपातल्या लाल देवळाचे, म्हणजे तिथल्या लाल विटांच्या सिनेगॉगचे, नाव प्रत्येक पुणेकर घेतो, पण ज्या यहुदी घरांत पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलली गेली, ज्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून 'कर' लावून झाली आणि ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, ती घरे आमच्या नजरेतून सुटली होती. तुमच्या ओळखीच्या बाईंनी आम्हाला मालिदा कसा करतात ते सांगितले: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे, आणि प्रेषित एलियाहू हनाबींचे स्मरण. सांगताना त्या खोबरे किसतच होत्या. खोबऱ्याच्या किसणीचा तो खरखर आवाज ऐकून एका कोकणस्थ श्रोत्या बाईंनी आम्हाला कळवले, की ही किसणी उभी नसून विळीला जोडलेली आहे, हे त्यांनी घरबसल्या ओळखले. आम्ही खात्री करून घेतली. त्यांचे बरोबर होते.

सगळेच भाग असे उतरले असे मी म्हणणार नाही. गणेशोत्सवातला भाग म्हणजे खासगी वाहिन्यांची भ्रष्ट नक्कल होता, आणि पानशेतच्या पुराच्या आठवणींत आम्ही इतकी माणसे कोंबली, की १२ जुलै १९६१ चे पाणी कोणाच्या दारात किती चढले, याचा कोणालाच पत्ता लागला नाही. हे दोन्ही भाग आम्ही तुम्हाला न विचारता केले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. बत्तीस वर्षे तुम्ही लोकांच्या मनीऑर्डरी दिल्या, अंगठे घेतले, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांची पत्रे वाचून दाखवली आणि कित्येकांची लिहूनही दिलीत. कोणाचा मुलगा घरी पैसे पाठवत नव्हता, कोणाच्या नावाने कोर्टाची रजिस्टरे येत होती, हे तुम्हाला माहीत असणारच. दोन वर्षांत शंभर वेळा तरी आम्ही तुमच्याबरोबर चाललो असू, पण त्यातले एक अक्षरही तुमच्या तोंडून आले नाही. मी एकदा आडून विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जी वाचून दाखवली, ती त्याच उंबऱ्यावर विसरलो."

म्हणूनच, मंगळवार पेठेतल्या त्या ताईंनी गप्पा झाल्यावर चार दिवसांनी फोन करून दोन वाक्ये काढून टाकायला सांगितली, तेव्हा आमचा जो वाद झाला त्यात तुमचे पारडे जड पडले. ती दोन वाक्ये हाच त्या भागाचा प्राण होता. त्यांनी ती स्वखुशीने म्हटली होती, संमतीपत्रावर सही केली होती, आणि ती काढली तर भागात काही उरत नाही, असे माझे म्हणणे होते. तुम्ही शांतपणे सांगितलेत, की टाकलेले पत्रसुद्धा बटवडा, म्हणजे घरोघर वाटप, होण्यापूर्वी पाठवणाऱ्याला अर्ज करून परत मागता येते, पोस्टात तशी सोय आहे. मग बोललेले वाक्य परत मागण्याची सोय तुमच्या रेडिओत का नसावी? आम्ही ती वाक्ये आणि त्यांच्यावर उभे असलेले पुढचे-मागचे बोलणे काढले. भाग तेवीस मिनिटांचा होता तो सोळा मिनिटांचा झाला आणि खरोखरच थोडा लंगडा झाला. पण तेव्हापासून प्रत्येक ध्वनिमुद्रण आम्ही बोलणाऱ्याला आधी ऐकवतो आणि मगच प्रसारित करतो. हा नियम आमच्या भिंतीवर 'बटवड्यापूर्वी' या नावाने लावलेला आहे. नव्या स्वयंसेवकांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागतो, तेव्हा आपोआपच तुमची गोष्ट निघते.

यात एकच विपरीत आहे. तुम्ही निवृत्तीनंतर मुलाकडे धायरीच्याही पुढे राहायला गेलात, आणि आमच्या पन्नास वॅटांचा आवाज तिथपर्यंत पोहोचत नाही. ज्या कार्यक्रमासाठी तुम्ही दोन बस बदलून पेठेत येत राहिलात, तो तुम्ही स्वतः कधी रेडिओवर ऐकलेलाच नाही, हे आम्हाला मागच्या महिन्यात कळले. तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या सुनेने सांगितले.

म्हणून या पत्राबरोबर मेमरी कार्ड लागणारा एक लहान रेडिओ पाठवतो आहे. कार्डावर सगळे एकेचाळीस भाग क्रमाने घातले आहेत. गणेशोत्सवाचा अठरावा आहे, तो वगळावा. तांबट आळीचा भाग चौथा. सुरुवातीला हातोडा फार मोठा लागेल, पण आवाज कमी करू नका; अर्ध्या मिनिटाने ते बोलायला लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पेठेतल्या रेडिओचा एक स्वयंसेवक