आलं आधी, दूध नंतर

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर बाबा 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीत, म्हणून पत्र लिहितोय. त्यांचा चष्मा सापडला नाही तर तू वाचून दाखव, पण मधलं काही गाळू नकोस.

बाबा, पोराने चहाच्या टपऱ्या बंद पाडायचं चहाचं मशीन काढलंय, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. बार्शीच्या स्टँडसमोर तुम्ही एकतीस वर्षं स्टोव्हला पंप मारला, त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. राग येणारच. पण आमचं मशीन बाजारात कसं उतरलं ते ऐका, थोडं बरं वाटेल तुम्हाला.

मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका अडत्याच्या गाळ्यावर मशीन मांडलं. नारळ फोडला, पेढे वाटले. हमाल, तोलणार, दिवाणजी सगळे जमले. आमचं मशीन पुडीतला तयार चहा गरम पाण्यात कालवणारं नाही. त्यात खरं दूध, खरी पावडर जाते आणि ताजं आलं आतच ठेचलं जातं. दूध वर आलं की सेन्सर आच कमी करतो. तुम्ही गप्पा मारता मारता पळी फिरवून जे करायचात, त्यासाठी आमचे आठ महिने गेले. बटण दाबलं. चार मिनिटांनी पेल्यात पाणी वेगळं आणि चोथा वेगळा! एक म्हातारा हमाल म्हणाला, "पनीर झ्याक झालंय. चहा कवा?"

साहेब दूधवाल्यावर घसरले. दुसऱ्या दिवशी दूध बदललं, तरी नासलंच. रात्री खोलीवर पडल्या पडल्या मला तुमची टपली आठवली. चौथीत असेन, गल्ल्यावरून उठून मी शहाणपणाने कोमट दुधात आलं टाकलं होतं. "आधी पाण्याला उकळी, मग आलं, मग पावडर. पाण्याला रंग चढल्याबिगर दूध दाखवायचं न्हाई." कारण तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

कारण आता वाचलं. आल्यात दूध विरजणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ६० ते ७० अंशांच्या आसपास त्याचा जोर सगळ्यात जास्त, आणि उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. चीनमध्ये ग्वांगडोंगकडे तर गरम दुधात आल्याचा रस घालून मुद्दाम खरवसासारखा गोड पदार्थ लावतात. आमचं मशीन वेळ वाचवायला दूध तापतानाच आलं सोडत होतं, म्हणजे नेमकं खरवसाच्या मुहूर्तावर. क्रम बदलला आणि चहा जमला. साहेबांना मी 'पाककृतीत सुधारणा' असं लिहून दिलं. तुमचं नाव लिहायला हवं होतं, ते राहिलं.

आता मशीनवरच्या तुमच्या रागाबद्दल. तुमच्या डब्यातली ती काळी दाणेदार पावडर सीटीसी असते ना, ती मशीनचीच. १९३० च्या सुमारास आसामात अमगुरीच्या मळ्यावर मॅककर्चर नावाच्या साहेबाने पान चुरून, फाडून, गोळी वळणारे रूळ बसवले. चहा झटपट आणि कडक उतरू लागला, थोड्या पावडरीत जास्त कप निघू लागले. ती नसती तर तुमचं कटिंग परवडलं असतं का? आणि त्याच सुमारास चहाचा प्रसार करणाऱ्या मंडळाची माणसं घरोघरी फिरून चहा कसा करायचा ते शिकवत होती: उकळतं पाणी पानांवर ओता, झाका, दूध वरून थोडंसं. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि शिकवणी सोडून दिली. सगळं एका पातेल्यात घालून खळाखळा उकळलं. मला तर वाटतं, आमच्या मशीनचंही लोक असंच काहीतरी करतील.

टपरीवाल्यांनी मात्र एकही घेतलं नाही. मार्केट यार्डाच्या दारातल्या एकाने सरळ विचारलं, "उधारीची वही लिहितंय का तुमचं मशीन?" मी गप्प. मशीन गेली ती एका मुलींच्या वसतिगृहात, एका कारखान्याच्या रात्रपाळीला आणि एका दवाखान्यात. जिथे रात्री दोन वाजता कुणी स्टोव्ह पेटवत नाही, तिथे. टपरी कुणाची बंद झालेली नाही, बाबा.

आई, गुडघ्याचं तेल पाठवलंय. खारातल्या मिरच्या संपल्या, हेही यातच सांगतो.

बाबा, एक अडलंय. पावसाळ्यानंतरचं कोवळं आलं आणि उन्हाळ्यातलं जून आलं, दोन्ही सारखंच घालायचं का? मशीन ग्रॅम मागतं आणि तुम्ही बोटाच्या पेरावर मोजायचात. माझं पेर धरून केला तर चहा मिळमिळीत होतोय. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तुमच्या पेराएवढा तुकडा ठेवा, दोन्ही आल्यांचा, आणि वजन फोनवर सांगा. आईकडून निरोप नको, तुम्ही स्वतःच सांगा.

तुमचा,
बाळू