पोट्टे झोपतात म्हणून रात्री निघायचं?

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी पुन्हा तेच बोलले आणि तू "आई, ठेवते" म्हणून ठेवलास. म्हणून कागद घेतला. बाबांनी बजावलं आहे की गाडीबद्दल एक अक्षर लिहू नको. नाही लिहीत.

तान्ह्या पोळ्याचे फोटो पाहिले. शेजारच्या काकूंनाही दाखवले. तुझ्या मैत्रिणीचा गोलू धोतर-टोपीत काय ऐटीत उभा आहे! बैल तर त्याच्याहून उंच, चाकांवरचा. नागपूरची तऱ्हाच मोठी. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये हा पोळा सुरू केला म्हणतात, म्हणजे राजाच्या घरचा सण तो. बैल घेऊन दारोदार फिरल्याचा बोजारा, म्हणजे पैसे, किती जमला गोलूचा? आणि तू त्याच्या हातावर काय ठेवलंस? शंभराची नोट दिली असशील तर बह्याड आहेस. लेकरांना नाणी लागतात, वाजणारी.

तुझा बैल आठवतो का? सुताराने आंब्याच्या फळीचा करून दिला होता आणि पहिल्याच दिवशी तू त्याचं एक शिंग मोडलंस. पोरी बैल घेऊन फिरत नसतात म्हणून बुढी ओरडली, तर तू सरळ मोठेबाबांच्या दारात जाऊन बसलीस. बोजारा दिल्याशिवाय उठत नाही म्हणे. त्यांनी खिशातून नाणं काढलं, तर म्हणालीस, "हे माझं झालं, बैलाचं?" मोठेबाबा गेले त्या वर्षापर्यंत ही गोष्ट सांगत होते.

मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा फोटोही पाहिला. इतवारीच्या त्या गर्दीत एवढ्या लहान पोट्ट्यांना घेऊन जायला छाती पाहिजे. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, असं पेपरात आलं होतं. आपल्या इथेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाया ओरडतच होत्या, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. त्या फोटोत धाकटी चिमी घाबरून तुझ्या गळ्याला चिकटली आहे आणि तू हसते आहेस. त्या फोटोवरून मला एक लिहायचं होतं. जाऊ दे. तुला कळलं.

पण त्यांतलाच एक फोटो गाडीतला आहे, राणी. चिमी पुढच्या सीटवर तिच्या आईच्या मांडीवर. चालू गाडीतला. पुढे बसलेल्या लेकराला ती फुगणारी पिशवी वाचवत नाही, उलट तिचाच मार बसतो. लेकरू मागेच बसवायचं, पट्ट्यात, त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मिळते तीत. मैत्रिणीला सांगजो. दुसऱ्याच्या लेकरांबद्दल बोलणं बरं दिसत नाही, पण गाडी तुझी आहे.

लिहिलंच शेवटी. आता पुरतं लिहिते.

दसऱ्याच्या जोडून सुट्टीत तू पुन्हा नागपूरला जाणार, आणि येताना मैत्रीण आणि दोन्ही पोट्टे तुझ्या गाडीने पुण्याला येणार. जावईबापूंना सुट्टी नाही. मैत्रिणीला गाडी चालवता येत नाही. आणि निघायचं रात्री, "पोट्टे झोपून राहतात, त्रास देत नाहीत" म्हणून. अवो माय, पोट्टे झोपतील, त्यांची आई झोपेल, मग जागं कोण? एकटी तू. दिवसभर त्यांच्या मागे पळून दमलेली.

तुझा मावसभाऊ टोलनाक्यावर लागल्यापासून मला नको ते कळतं. तो सांगतो, रात्री दोन ते पहाटे पाच, हीच वेळ वाईट. समृद्धी महामार्ग सरळ, ना गाव ना वळण, डोळे उघडे असतात आणि माणूस आत झोपलेला असतो. प्रवासाला निघायच्या आधी, टायर गार असतानाच त्याची हवा पाहायची म्हणतो. हवा कमी असली की टायर लवतं, तापतं आणि फुटतं. १ जुलै २०२३ तुला आठवते. नागपूरहून पुण्यालाच चालली होती ती बस. सिंदखेड राजाजवळ उलटली, पेटली, २५ माणसं गेली. त्या दिवशी आपल्या चुलीवर काही चढलं नाही. आणि मोठेबाबांचं मूर्तिजापूर फाट्यावरचं तर मी तुला सांगायची गरज नाही. तेही "थोडंच राहिलं" म्हणूनच थांबले नव्हते.

रागावू नको. तू गाडी चांगली चालवतेस. मला सायकलसुद्धा आली नाही, आणि माझी पोरगी ताशी १२० ने जाते, हे मी निंदणाच्या बायांना सांगते तेव्हा माझा आवाज मोठा होतो असं बाबा म्हणतात. होतच असेल. हा रस्ता निघाला तेव्हा मोठेबाबांचं नाल्याकडचं वावर गेलं. पैसे मिळाले, पण बुढी दोन्ही बाजूच्या जाळीकडे पाहत बसायची. आपली बैलजोडी त्या रस्त्यावर चढू शकत नाही, बाबांची मोटारसायकलही चालत नाही. त्या वावरावरून गाडी घेऊन जाणारं आपल्या घरातलं पहिलं माणूस तू. तुला कळलंही नसेल कधी गेलं ते वावर.

पोळ्याच्या रविवारी रात्री तू नागपूरहून निघालीस, तेव्हा बाबा गच्चीवर गेले होते. म्हणे आभाळ पाहतो. आपल्या गच्चीवरून समृद्धीवरच्या गाड्यांचे दिवे दिसतात, आभाळ तर अंगणातूनही दिसतं. बऱ्याच वेळाने खाली आले आणि म्हणाले, गेली असेल आता. मी काही बोलले नाही. पुरण झाकून ठेवलेलं होतं, ते सकाळी बैलांना दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, त्यांना आवतन दिलं होतं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, आणि ते आले. तुला तर मी आवतनही दिलं नव्हतं. मैत्रिणीकडे ठरलं होतं तुझं, मला माहीत होतं. गोलू तुझी वाट पाहतो, त्याला नाही म्हणता येत नाही, हे पण समजतं. लहान पोट्ट्यांना नाही म्हणू नये.

तुला शकुंतला रेल्वेत घेऊन मूर्तिजापूरला जायचे, ते दिवस किती मागे गेले. ती गाडी एवढी हळू, की एकदा तू म्हणालीस, आई मी खाली उतरून पळत येते, पुढच्या स्टेशनात भेटू. उतरायलाच निघाली होतीस. मी फ्रॉक धरून ठेवला. मूर्तिजापूर येईपर्यंत सोडला नाही. सगळा डबा हसत होता.

तर माझं म्हणणं एवढंच. रात्रीच निघायचं असेल तर नागपूरहून जेवायच्या आधी निघा. आपल्या कारंजाला समृद्धीवरून खाली उतरा. पोट्टे झोपले असतील तर उचलून आणू, गाद्या घालून ठेवते. तू झोप, पहाटे चहा घेऊन निघ, उजेडात पुण्याला पोचशील. पोट्ट्यांना बैलं दाखवू, चाक नसलेली. चिमीला गाईच्या वासराला हात लावू दे. हो, यात माझा स्वार्थ आहे. असू दे. नाहीतर गाडी नागपूरलाच राहू दे आणि सगळे रेल्वेने जा, मी मूर्तिजापूरला डबा घेऊन येते. आम्हा बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट आहे आता.

इकडे सोयाबीनला शेंगा धरल्या आहेत, नाल्याकडच्या तुकड्यात पिवळा मोझॅक आला. बाबांची डवरणी झाली, कंबर धरली आहे, दवाखान्यात जात नाहीत. गुरुमंदिरात तुझ्या नावाने नारळ दिला. तुरीची डाळ आणि मुगवड्या मावसभावाजवळ देते, तो पुढच्या आठवड्यात पुण्याला येतो. डाळ लगेच डब्यात भर, पावसाळ्यात किडे पडतात. गोलूसाठी तुझा तो एका शिंगाचा बैल माळ्यावरून काढला आहे. पाठवू का, की तुला ठेवायचा आहे? कळव.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, स्टेपनीत हवा आहे का. मी लिहिलं असं सांगू नको.