पाबळला जाण्याआधी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

पाबळच्या विज्ञान आश्रमात, जिथे मुलं राहून हाताने काम करत शिकतात, तुझं नाव घालायचं आम्ही ठरवतोय. घरात याविषयी बोलायला बसलं की मधेच कुणीतरी येतं आणि विषय राहून जातो, म्हणून लिहिते. तुला वाटतंय की नापास झालास म्हणून तुला लांब पाठवतोय. ताईजवळ तू तसं बोललास. तसं अजिबात नाही, आणि ते का नाही हे तुला कळलं पाहिजे.

नववीचा निकाल लागल्यापासून तू दप्तर उघडलं नाहीस. पण त्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार नुसती गुरगुरायला लागली, तेव्हा तू आधी मेन स्विच बंद केलास, स्टार्टरची पेटी उघडलीस आणि कपॅसिटर गेलाय म्हणालास. जुन्या कपॅसिटरवरचा आकडा वहीत उतरवून घेतलास आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा आणून बसवलास. संध्याकाळी कांद्याला पाणी चालू झालं. तो आकडा लिहून घेणाऱ्या मुलाला शिकायचंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

वर्गात काय झालं तेही मला दिसतं. अपूर्णांक कच्चे राहिले, त्यावर बीजगणित येऊन बसलं, आणि आठवीपर्यंत तुला थांबवून कुणी विचारलं नाही. तू मागच्या बाकावर सरकत गेलास आणि मग बोलायचाच बंद झालास. त्याच पुस्तकांसमोर, धाकट्या मुलांच्या शेजारी, आणखी एक वर्ष तुला बसवायला माझं मन तयार नाही.

पाबळ आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे, शिरूर तालुक्यात. मस्तानीची समाधी आहे ते गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ होते, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधनाची मोठी नोकरी होती. ती सोडून त्यांनी 1983 साली या कोरडवाहू गावात आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं हाताने काम करता करता उत्तम शिकतात, ही त्यांची खात्री होती. तिथे एक वर्ष राहून शिकायचं. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, घराचं वायरिंग, सौर ऊर्जा, बायोगॅस, शेती, कोंबड्या, जनावरं, खाद्यपदार्थ, शिवण, सगळं करायचं. एक खिडकी बनवली तर तिचं चित्र काढायचं, लोखंड किती लागलं, मजुरी किती, विकायची कितीला, हा हिशेब मांडायचा. अर्धा इंची, पाऊण इंची, सव्वा इंची पाइप जोडताना अपूर्णांक हातात येतात. तिथे ते कुणाला पाठ करावे लागत नाहीत.

मला अंगणवाडीतली बाई म्हणून एक गोष्ट फार आवडली. तिथे मुलगेसुद्धा हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासायला शिकतात, शिवणयंत्रावर बसतात, चिक्की करतात. आपल्या गावात ही कामं बायकांची मानतात. ती तू शिकून आलास तर मला मोटार दुरुस्तीइतकाच आनंद होईल.

मामा म्हणतो, सरळ आयटीआयला टाका. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पासवरही प्रवेश मिळतो, हे त्याचं खरं आहे. पण तिथे पहिल्याच दिवशी एक ट्रेड धरावा लागतो. तुझं वय हातांना चार कामं करून बघायचं आहे. वर्षभरानं तू स्वतः म्हणालास की वायरमनच व्हायचंय, तर आयटीआय कुठे पळून जात नाही.

आता दहावीचं. ती सोडायची नाही, यावर मी ठाम आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं, मराठी माध्यमातूनही. पाच विषय घ्यायचे. सगळे एकदम द्यावे लागत नाहीत. वर्षातून दोनदा परीक्षा असते, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात. ज्यात पास झालास तो विषय पक्का, पुढच्या वेळी राहिलेलेच द्यायचे. गणित सक्तीचं नाही. तरी तू ते घ्यावंस असं मला वाटतं, पण सगळ्यांत शेवटी, पाबळचं वर्ष झाल्यावर. त्या दहावीवर पुढे अकरावी, डिप्लोमा, नोकरीचे फॉर्म, सगळं चालतं. कुणी तुला 'बाहेरून दहावी' म्हणून हिणवलं तर माझ्याकडे पाठव.

घर सोडून राहणं सोपं जाणार नाही. पहाटे उठायचं, आपलं ताट आपण धुवायचं, खोलीत वेगळ्या गावांची मुलं असतील. त्यातली बरीच तुझ्यासारखीच शाळेत गप्प झालेली असतील, त्यांच्याशी बोल.

अर्ज मी आणून ठेवते, पण तुझ्या नावापुढे सही तुझीच लागेल आणि ती मी मागून घेणार नाही. येत्या रविवारनंतर बाबा सुट्टी काढतायत; आपण तिघं आधी जाऊन वर्कशॉप बघू, तिथल्या मुलांशी तू एकटा बोल, आम्ही बाहेर थांबू. नाहीच पटलं तर तसं स्पष्ट सांग, दुसरी वाट शोधू. घरी नुसतं बसून राहणं मात्र त्या वाटांमध्ये नसेल.

तुझी,
आई