पान हिरवे राहिले, पण दाण्याचे वजन वाढले नाही : फवारणीच्या द्रावणाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : माहितीपत्रकातील दिशाभूल करणारा दावा आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

पानांचे ‘म्हातारपण थांबवणारे’ आपले द्रावण मी या हंगामात गव्हावर दोनदा फवारले. लेबलवर लिहिल्याप्रमाणे पहिली फवारणी ओंब्या निसवल्यावर आणि दुसरी दाणे चिकात असताना केली. मधला एक पट्टा मुद्दाम कोरा ठेवला. तो ठेवला नसता तर आज मी आपले आभार मानत बसलो असतो, कारण फवारलेला गहू दिसायला फार देखणा होता. कोऱ्या पट्ट्यातली पाने वाळून गेली तरी बाकीचे शेत जवळपास आठवडाभर हिरवेगार होते. मळणी झाल्यावर दोन्हीकडचे हजार-हजार दाणे मोजून तोलले. वजनात सांगण्यासारखा फरक नाही. काढणी लांबली ती वेगळीच.

फोनवर तक्रार केली तेव्हा “हिरवळ टिकली ना, मग औषध लागू पडलं” असे उत्तर मिळाले. नंतर आलेल्या आपल्या प्रतिनिधींनी, दुसऱ्या फवारणीनंतर आपल्याच माणसाने घेतलेले चिमटा-यंत्राचे आकडे माझ्यापुढे ठेवले आणि विषय संपला असे समजून ते निघून गेले. माझी तक्रार नेमकी इथे आहे. ते यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश पानातून किती पार जातो, यावरून हरितद्रव्याचा अंदाज सांगते. पान किती कार्बन डायऑक्साइड ओढते आहे हे त्याला कळत नाही.

माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आपण प्रकाशसंश्लेषणाची रेघ काढणीपर्यंत सपाट दाखवली आहे. गहू असो वा भात, पानाची अशी सरळ रेघ नसते. पान पूर्ण उलगडते त्या सुमारास त्याची क्षमता सर्वांत जास्त असते आणि पुढे ती उतरत जाते. उतार सुरू होतो तेव्हा पान डोळ्यांना हिरवेच दिसते. कारण कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे प्रथिन करते आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या पानात ते हरितद्रव्याच्या आधी मोडू लागते. गव्हाच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा या एकट्याचा असतो. पानातला नत्र साठलेला असतो तो मुख्यतः अशा प्रथिनांत. हरितद्रव्याच्या एका रेणूत नत्राचे अणू अवघे चार. थोडक्यात, गिरणीतले जाते काढून नेले आणि बाहेरची पाटी तेवढी तशीच राहिली, आणि आपण पाटीचा रंग मोजत आहात.

हे जाते कोण नेते, तर ओंबी. मोडलेल्या प्रथिनांतला नत्र दाण्याकडे जातो. गव्हाच्या दाण्यातल्या नत्राचा मोठा हिस्सा असाच पानांतून आणि काडीतून आलेला असतो. म्हणजे पानाचे म्हातारपण हा रोग नाही. आपल्या पत्रकात मात्र ते तांबेऱ्याच्या शेजारी छापले आहे! हे म्हातारपण जबरदस्तीने लांबवले तर काय होते, तेही माहीत आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गव्हातल्या, पानांना म्हातारपण आणणाऱ्या जनुकांचे काम दाबले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून जास्त उशिरा पिवळी पडली, पण दाण्यातले प्रथिन, जस्त आणि लोह 30 टक्क्यांहून अधिक घटले. पुढच्या अभ्यासात अशा झाडांची पाने खरोखर जास्त दिवस काम करत होती, तरी दाण्याचे वजन वाढले नाही. दाणा घेईल तेवढेच त्याच्यात भरणार.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा हिरवा वाटाणा तरी आठवायचा होता. त्याच्यात हरितद्रव्य मोडणारी व्यवस्थाच बिघडलेली असते, म्हणून रंग टिकतो. रंग टिकला म्हणजे काम टिकले असे नाही, याचे इतके जुने उदाहरण दुसरे मिळणार नाही.

हिरवे राहणे नेहमीच निरुपयोगी असते असे माझे म्हणणे नाही. ज्वारीच्या काही वाणांत फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला तरी पाने हिरवी राहतात आणि त्याचा उत्पादनाला फायदा होतो. पण तो वाणाचा गुण आहे, आणि माझ्या गव्हाला पाण्याचा ताण नव्हताच.

तरी दोन्ही फवारण्यांसाठी घेतलेल्या बाटल्यांचे पूर्ण पैसे परत करावेत आणि ती सपाट रेघ पत्रकातून काढावी. दावा कायम ठेवायचाच असेल, तर फवारलेल्या आणि न फवारलेल्या, एकाच वयाच्या वरच्या पानांनी निसवण्यापासून पक्वतेपर्यंत किती कार्बन डायऑक्साइड घेतला, याची मोजमापे आणि दोन्हीकडच्या दाण्यांचे वजन मला लेखी पाठवावे. हिरव्या पानांचे फोटो पाठवू नयेत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, लेबलचा फोटो, दोन्हीकडच्या दाण्यांचे नमुने