खाकी कपडे बोहारणीला देऊ नकोस

माँटगोमेरी, अलाबामा
२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा वहिनीकडून कळलं, की बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर तू त्यांची ट्रंक उघडलीस आणि पाडव्याच्या आत सगळे कपडे बोहारणीला द्यायचे म्हणते आहेस. धोतरं, मफलर, लग्नाकार्यातले सदरे यांचं काय करायचं ते तू ठरव. पण खाकी कपडे देऊ नकोस. एकही देऊ नकोस. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा लावून सावकाश वाच.

ऑक्टोबरात आम्ही जीज बेंडला जाऊन आलो. इथून सेल्मावरून गाडीने दोनेक तास लागतात. अलाबामा नदी तिथे असा वळसा घेते, की गावाच्या तिन्ही बाजूंना पाणीच. सरकारदरबारी नाव बॉयकिन, पण बोलताना सगळे जीज बेंडच म्हणतात. वस्ती कृष्णवर्णीय लोकांची, आणि त्यांतल्या कितीतरी घरांचं आडनाव एकच, पेटवे. हे आडनाव त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचं. १८४५ साली इथला कापसाचा मळा त्याच्या ताब्यात आला आणि आपल्याकडच्या शंभरेक गुलामांना त्याने नॉर्थ कॅरोलायनाहून इथवर पायी चालवत आणलं. १८६५ साली गुलामी संपली. माणसं तिथेच राहिली, वाट्याने कापूस पिकवत, व्यापाऱ्याच्या उधारीत रुतलेली. १९३२ साली तो उधार देणारा व्यापारी वारला, तर त्याच्या बायकोने वसुलीला माणसं पाठवली. त्यांनी घरोघरचं धान्य, अवजारं, जनावरं, सगळं नेलं. पुढचे दिवस लोकांनी रेडक्रॉसच्या शिध्यावर काढले.

त्या काळी तिथली घरं फळ्यांची. फटींतून वारा येऊ नये म्हणून आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. थंडीत अंगावर घ्यायला आणि अंगाखाली घालायला बायकांनी शिवलेल्या क्विल्ट, आपल्या वाकळेसारख्या. नवीन कापड कोण आणणार? फाटक्या विजारी, सदरे, पिठाच्या आणि खताच्या सुती गोण्या, जे हाताला लागेल ते. आत भरायला शेतात वेचून उरलेला नाहीतर जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला कापूस, तो काठीने झोडून मोकळा करायचा. जुन्या क्विल्टच्या उलट्या बाजूला गोणीवरची छापील अक्षरं अजून पुसट दिसतात म्हणे.

आता मुख्य गोष्ट. तिथे मिझुरी पेटवे नावाची बाई होती. १९४२ साली तिचा नवरा गेला. शेतात राबताना घालायचे त्याचे कपडे घरात होते. तिने ते घेतले, विजारींचे पाय आणि सदऱ्यांचे सोगे कापून काढले आणि आपल्या मुलीला, आर्लोंझियाला, सांगितलं, की यांची एक क्विल्ट करणार आहे, त्यांची आठवण म्हणून, मायेनं अंगावर घ्यायला. आर्लोंझिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. पुढे ती स्वतः म्हातारी झाल्यावर तिने ही हकीकत लोकांना सांगितली, म्हणून आपल्याला कळली. ती क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. मी फोटो पाहिला. विटलेला निळा, राखी, तपकिरी. कुठेही नक्षीचा सोस नाही, नुसत्या लांब पट्ट्या आणि चौकोन. आई, तो फोटो पाहताना मला आपली ट्रंक दिसत होती.

कामाच्या कपड्यांच्या अशा बऱ्याच क्विल्ट त्या गावात झाल्या. त्यांत एक गोष्ट फार सुंदर असते. विजारीचा खिसा उसवला, की त्याच्याखालचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं. सगळा पाय विटलेला आणि मधे खिशाएवढा गडद निळा चौकोन. गुडघ्याचं ठिगळ काढलं तरी तसंच. कोणी मुद्दाम काढलेली नक्षी नाही ती. ते कापड कोणी, कुठे, कसं वापरलं, ते त्यावर उमटलेलं असतं. बाबांच्या सदऱ्यांचं आठव. गाडी चालवताना त्यांचा उजवा हात सगळी वर्षं खिडकीशी उन्हात असायचा, म्हणून उजवी बाही डावीपेक्षा नेहमी फिकी. बिल्ला लावायचा तो खिसा उसवून बघ, खाली अजून मूळचा खाकी असेल. बोहारणीकडून पातेलं येईल, पण ती बाही पुन्हा मिळणार नाही.

त्यांच्या शिवणीबद्दलही तुला लिहायचं आहे, कारण ते तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. जीज बेंडमध्ये सगळ्यात जास्त चालणारा नमुना म्हणजे ‘हाउसटॉप’. मधोमध एक लहान चौकोन घ्यायचा. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडायची, मग दुसऱ्या बाजूला त्याहून थोडी लांब, मग तिसऱ्या, मग चौथ्या. पुन्हा पहिल्या बाजूपासून. असं फिरत फिरत ते वाढत जातं. कोणी एकच हाउसटॉप पलंगभर वाढवते, कोणी चार वेगळे करून जोडते. ‘ब्रिकलेअर’ म्हणून एक आहे, त्यात पट्ट्या पायऱ्यांसारख्या चढत जातात. ‘लॉग कॅबिन’ तर सगळ्या अमेरिकेत शिवतात. त्यातही मधल्या चौकोनाभोवती पट्ट्याच, पण लगतच्या दोन बाजू फिक्या रंगांच्या आणि दोन गडद. असे बरेच चौकोन एकमेकांना जोडले, की उजेड आणि सावलीचे मोठे तिरके पट्टे दिसायला लागतात.

मला भावलं ते हे, की नमुना आईकडून, सासूकडून आलेला, पण शिवताना प्रत्येकीने तो स्वतःच्या मनाने वळवायचा. पट्टी कमी पडली तर दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडून पुढे जायचं. त्या जोडाच्या जागी नजर थबकते आणि सबंध क्विल्टला तिथेच जीव येतो. मोजपट्टी नाही, कागदी नमुना नाही. कापड बरेचदा कात्रीने कापायचंही नाही, टरकावायचं, म्हणजे ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. तूही लुगडं असंच दाताने चीर देऊन टरकावतेस. वरचा थर एकेकीने आपापल्या घरी जोडायचा आणि तीन थर एकत्र शिवायला मग चौकटीभोवती बायका जमायच्या, देवाची गाणी म्हणत टाके घालायच्या.

एक फरक मात्र आहे. त्यांचा हाउसटॉप मधून कडेकडे वाढतो. तू लुगडं अंथरून वर तुकडे मांडतेस, कडेपासून धावदोरा सुरू करतेस आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर येऊन संपवतेस. आपल्याकडे हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात ना, त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही कडेपासून आत. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. इकडे अलाबामात आणलेलेही आफ्रिकेतलेच. दोन्हीकडच्या बायकांनी नेसून जीर्ण झालेल्या कापडांतून ऊब उभी केली, हे मनात आलं की मी शिवता शिवता थांबते.

गावाचं पुढे काय झालं तेही लिहिते. नदीपलीकडे कॅमडेन हे तालुक्याचं गाव. लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला तिकडे जायला लागले, तेव्हा १९६२ साली मधली फेरीबोटच बंद करून टाकली. रस्त्याने वळसा घालून जायला तासाहून जास्त लागायचा. १९६५ साली मार्टिन ल्युथर किंग तिथे येऊन गेले. पुढच्या वर्षी त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली, क्विल्ट शिवून स्वतःचा पैसा मिळवायचा म्हणून. १९७२ साली सीअर्स या मोठ्या दुकानाकडून त्यांना कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. कापून उरलेले तुकडे बायका घरी आणायच्या. जाड, उभ्या रेघांचं कापड, हळदी, मेंदी, विटकरी, तपकिरी. रेघ उभी धरली तर एक छटा, आडवी धरली तर दुसरी. त्यांनी त्याचेही हाउसटॉप केले आणि एकाच रंगाचे तुकडे उलटसुलट फिरवून त्यांतून दोन रंग काढले. मी तशी एक क्विल्ट हात लावून पाहिली. किती वजनदार! महाबळेश्वरच्या थंडीलाही पुरेल.

२००२ साली या क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली आणि त्याच वर्षी फेरीबोट परत सुरू झाली. बोट बंद पडून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. जाणकार लोक या क्विल्टची तुलना मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांशी करतात. मला ते पटत नाही. कोणा चित्रकारासारखं दिसतं म्हणून त्या बायकांचं काम मोठं ठरत नाही. तो वारसा त्यांचा, ती नजर त्यांची. पोरं थंडीने कुडकुडू नयेत म्हणून रात्री दिव्याखाली शिवतानासुद्धा त्यांनी हळदीशेजारी विटकरी ठेवायचा की राखी, याचा विचार सोडला नाही.

आम्ही गेलो तेव्हा सगळ्या गावाने आपापल्या क्विल्ट बाहेर दोऱ्यांवर, कुंपणांवर ऊन द्यायला घातल्या होत्या. पूर्वीपासून तशी रीतच आहे, आता ऑक्टोबरातला एक दिवस ठरवून तो सण करतात. एका आजींना मी मोबाइलवर आपल्या अंगणातल्या वाकळेचा फोटो दाखवला, तुझ्या हिरव्या इरकली काठाची ती. त्यांनी फोटो मोठा करून टाके न्याहाळले आणि विचारलं, हे मशीनवर केलं का. हाताने म्हटल्यावर मुक्ताला जवळ घेऊन म्हणाल्या, तुझ्या आजीचा हात चांगला आहे.

तेव्हापासून मीही शिवते आहे. ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे, अमोलच्या जुन्या जीन्स, मुक्ताचे आखूड झालेले फ्रॉक. बुधवारी इथल्या वाचनालयात काही बायका जमतात. त्या पाव इंचाची शिवण धरतात, प्रत्येक जोड इस्त्री करतात, पट्टी लावून गोल पात्याच्या कटरने कापतात. ते कामही नेटकं असतं, त्यातून मला शिवणीची शिस्त कळली. पण मन जीज बेंडच्या पद्धतीत रमतं.

तर बाबांच्या कपड्यांचं असं कर. जुने सुती गणवेश आणि नंतरचे टेरिकॉटचे वेगळे काढ. टेरिकॉट हाताखाली सरकतं, गरम इस्त्रीने आकसतं, टाकाही नीट बसत नाही. ते आतल्या थराला घाल. वर सुतीच घे. बाह्या, पाठ, विजारीचे पाय वेगळे उसव, शिवणी कापू नकोस, दोरा ओढून काढ, म्हणजे दुमडीतलं न विटलेलं कापडही मिळेल. खिसे फेकू नकोस. सगळं एकदा गरम पाण्यातून काढ. खाकी जाड आहे, त्यात सुई जड जाईल, तेव्हा खाली तुझं मऊ झालेलं नऊवारी घे. खणाचा लाल रंग मधे घालावासा वाटला तर घाल, पण आधी वेगळा भिजवून धू, त्याचा रंग जातो. जोडायचं कसं ते मी सांगणार नाही. हाउसटॉप कर असंही म्हणत नाही. तू तुझ्या पद्धतीने कडेपासून घे. होळी झाली की तशीही तू अंगणात वाकळ पसरतेसच.

आणि हे तुला आत्ता जमणार नसेल, त्या कपड्यांना हात लावणं जड जात असेल, तर तसं सांग. मग नुसते घडी घालून, कडुनिंबाचा पाला घालून ठेव. घाई नाही. वहिनीला मी सांगते, तिला जागेची अडचण आहे ते मला कळतं. ट्रंक माळ्यावर टाकायला दादाला सांग.

अमोल बरा आहे, कामात आहे. मुक्ता चौकोन जोडायला शिकली. पहिला नऊ तुकड्यांचा केला, तीन ओळी, ओळीत तीन. तो तुला पाठवते आहे, वाकळेत कुठेही बसव. सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा

ता. क. – पुढच्या महिन्यात अमोलचे मित्र पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर धातूचं अंगुस्तान, जाड सुया आणि पक्क्या सुती दोऱ्याची रिळं पाठवते. दोरा कोणत्या रंगाचा हवा ते दादाला फोनवर सांगायला लाव, पांढरा की लाल.