सुमे, आईच्या गोळीबद्दल

प्रिय सुमे,

फोनच करणार होते पण आई आतल्या खोलीतून सगळं ऐकते, आणि हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही, म्हणून लिहायलाच बसले. मी बरी आहे, मान अधूनमधून धरते, बाकी ठीक. आईचं सांगायचंय.

काल तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून तिची पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यात एक रुमाल, टोकाला गाठ मारलेली. सोडून बघते तर पांढऱ्या गोळ्या. काही अख्ख्या, काहींचा घाम लागून भुगा झालेला. फ्युरोसेमाइड, तिचं हृदय नीट पंप करत नाही म्हणून अंगात साठणारं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी. म्हणजे रोज सकाळी माझ्यासमोर स्ट्रिपमधून गोळी काढायची, पाणी प्यायचं, ग्लास मला परत द्यायचा आणि गोळी मात्र मुठीत. सुमे तू आधी हसशील, हस, कारण काकूंच्या उशीच्या अभ्र्यात तुला काय सापडलं होतं ते मला आठवतंय, आणि त्या दिवशी तू मला फोन करून किती रडली होतीस तेही. म्हणूनच तुला लिहितेय. दादाला सांगितलं तर तो आईवर ओरडेल, वहिनी मला म्हणेल लक्ष ठेवायला हवं होतं, आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

मूळ गोष्ट ही की पायांची सूज उतरतच नव्हती. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, हळूहळू भरून यायचा. रात्री एक उशी होती त्याच्या दोन झाल्या, मग तीन, आडवं झालं की दम लागतो म्हणायची. आणि आम्ही सगळे समजत होतो की गोळी लागू पडत नाहीये. डॉक्टर पुढच्या भेटीत 40 मिलिग्रॅमची 80 करायचा विचार करत होते गं! विचार कर, तिने मध्येच घाबरून खरोखर घ्यायला सुरुवात केली असती तर? न घेतलेल्या गोळीच्या हिशोबावर वाढवलेला डोस अंगावर आला असता, बीपी पडलं असतं, उठताना चक्कर, आणि हिच्या हाडांची अवस्था तुला माहितीच आहे. कालपासून माझ्या डोक्यातून हेच जात नाहीये.

रात्री तिच्याजवळ बसून विचारलं. आधी काहीच बोलेना. मग म्हणाली, "बाहेर गेल्यावर लागली आणि जागा नाही मिळाली तर? सगळ्यांसमोर साडी ओली झाली तर मी परत कुठे तोंड दाखवू?" बस एवढंच. सगळ्यांना वाटतं म्हातारी माणसं हट्टी असतात, गोळ्या टाळतात. हा हट्ट नाहीये सुमे, ही भीती आहे, आणि खरी आहे. ती गोळी तासाभरात काम सुरू करते, पहिले दोन तास तर जोर असतो नुसता, पुढे कमी कमी होत सहा तासांच्या आसपास उतरते. सकाळी आठला घेतली की हिची बाहेर पडायची वेळ आणि गोळीची वेळ एकच. एकदा कधीतरी बाहेर फजिती झाली असणार, ते मात्र तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काकूंचंही असंच होतं ना? तू कधी बोलली नाहीस पण मला तेव्हाच वाटलं होतं.

आज सकाळीच डॉक्टरांना सगळं सांगितलं, रुमालासकट. चिडतील वाटलं होतं, उलट म्हणाले बरं झालं कळलं, आता डोस वाढवायचा नाही, आधी आहे तोच नीट सुरू करा. राहिलेल्या भरून काढायला म्हणून एकदम दोन अजिबात द्यायच्या नाहीत, आणि आता नियमित सुरू होतेय तर आठवड्याभराने रक्त तपासायचं, सोडियम, पोटॅशियम, आणि किडनीचं कळायला क्रिएटिनिन. आणि मी विचारलं की ज्या दिवशी सकाळी बाहेर जायचंय त्या दिवशी परत आल्यावर घेतली तर? तर चालेल म्हणाले! फक्त दुपारी तीन-चारच्या पुढे नको, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात पडायची भीती. हे तिच्यापुरतं सांगितलंय, प्रत्येकाला चालेल असं नाही, पण एवढं साधं विचारायला आपल्यापैकी कुणालाच कसं सुचत नाही? गोळी चुकवण्यापेक्षा वेळ हलवणं कितीतरी बरं. आईला सांगितलं तर तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं त्यांनी?" आता काय बोलणार.

आता वजनाची वही सुरू केलीये, तुझ्यासारखी. सकाळी उठून लघवीला जाऊन आली की काही खायच्या आत, रोज त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पायावर दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. दिवसात किलो-दीड किलो वाढलं किंवा आठवड्यात दोनच्या वर गेलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन. आणि उलटंही बघायचंय, जे आपण विसरतो. वजन भराभर उतरत गेलं, तोंड कोरडं, लघवी कमी, उभं राहिलं की अंधारी, तर पाणी जास्त निघतंय, तेव्हाही फोन. सूज दिसतेय म्हणून आज दोन घेते आणि उद्या दिसत नाही म्हणून नकोच, हा कारभार बंद. आईला वाटतं सूज गेली म्हणजे आजार गेला. गोळी साठलेलं पाणी काढते गं, ते साठतं कशाने ते तिथेच असतं. हृदय नीट पंप करत नाही म्हणून किडन्या मीठ आणि पाणी धरून ठेवतात, ही गोळी किडनीला सांगते की मीठ सोड, आणि मिठामागे पाणी जातं. म्हणून वरून मीठ घेत राहिलं तर गोळी काढणार आणि आपण परत भरणार, फुटक्या माठासारखं.

मिठावरून दादाचं आणि माझं भांडण झालंच. कुणीतरी सांगितलं म्हणून तो कमी सोडियमचं मीठ घेऊन आला, मोठ्या कौतुकाने. मी पाकीट उलटं करून वाचलं तर पोटॅशियम क्लोराइड. आता आईला फ्युरोसेमाइडच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोनपण आहे. एक गोळी पोटॅशियम बाहेर काढते, दुसरी धरून ठेवते, तो तोल डॉक्टरांनी रक्त तपासून बसवलाय, शिवाय बीपीची गोळी तीही पोटॅशियम वाढवणाऱ्यातली, आणि त्यावर आपण हे मीठ घालायचं? पोटॅशियम कमी झालं तर पायात गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं, आणि फार वाढलं तर कधीकधी काहीच न जाणवता हृदयाचे ठोके बिघडतात. दादा म्हणाला, "तू फार वाचतेस." मी म्हटलं तू कमी वाचतोस. ते पाकीट आता माझ्या कपाटात आहे, आईच्या स्वयंपाकात नाही.

आणि गुडघे! आत्याने तिला आपल्या गुडघ्याच्या गोळ्या दिल्या होत्या, डायक्लोफिनॅक, प्रेमानेच दिल्या. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ह्या दुखण्याच्या गोळ्याही सगळ्या त्यातल्याच. ह्या गोळ्या शरीरात पाणी धरतात, फ्युरोसेमाइडचं काम हाणून पाडतात, आणि बीपीची गोळी, फ्युरोसेमाइड आणि ही दुखण्याची गोळी तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर सगळा भार. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलंय, तेही मापात. आत्याला कसं सांगायचं हा प्रश्न होता, मी म्हटलं डॉक्टरांनी मना केलंय, आणि डॉक्टरांचं नाव घेतलं की आत्या ऐकते हे तुला माहितीच आहे, आपल्या दोघींचं तिने आजवर एक ऐकलं असेल तर शपथ.

अजून एक विचारून ठेवलंय. उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन खाणंपिणं सुटलं, तर त्या दिवशी गोळी गिळून मोकळं व्हायचं नाही, आधी फोन करून विचारायचं, बऱ्याचदा तेवढ्यापुरती थांबवायला सांगतात. शरीरातलं पाणी आधीच गेलेलं असतं, त्यात ही अजून काढणार. हे मी मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, मी घरी नसले तर वहिनीला दिसेल. आणि सकाळी उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून जरा बसायचं, मग उभं राहायचं. आई म्हणते मी काय लहान मूल आहे. पण बसते.

आता पाण्याचं. मला माहितीये तू वाचता वाचता फोन उचलणार आणि म्हणणार पाणी मोजून दे, बाटलीवर खुणा कर. सुमे, काकूंना डॉक्टरांनी दीड लिटर ठरवून दिलं होतं, आईला नाही सांगितलेलं. मी आज मुद्दाम विचारलं, ते म्हणाले तहान लागेल तेवढं, उगाच जास्त नको, पण तोडायचंही नाही. त्या बाटलीवरून आपण किती महिने बोललो नव्हतो! मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, काकूंना तोंड ओलं करायला बर्फाचा एखादा तुकडा दिला असतास तर हिशोबात बसलं असतं. तू म्हणशील मी तिथे नव्हते. नव्हते. तरीही म्हणते. ये आणि भांड माझ्याशी.

सगळ्यात काळजी कसली आहे सांगू? गोळीची नाही. माझ्यासमोर तिला मूठ मिटावी लागली ह्याची. ती मला घाबरून लपवत होती की मला त्रास नको म्हणून, ते मला कळत नाहीये. तू काकूंच्या वेळी पुढे काय केलंस? रोज समोर बसून गिळायला लावायचीस की सोडून दिलंस त्यांच्यावर? मी आज तरी ठरवलंय की तोंड उघड आणि दाखव असलं काही करायचं नाही. वही तिच्याच हातात दिलीये, वजन तीच लिहिते, गोळी घेतली की वेळ तीच लिहिते. आजचा आकडा लिहिताना पेन चालेना तर दोनदा झटकून लिहिला तिने, तारखेसकट. पण उद्या खोटं लिहिलं तर? काटा सांगेलच म्हणा, पण मला काट्याकडून कळायला नकोय.

तुझं राहिलंच सगळं. नोकरीचं पक्कं झालं ना? पिंट्या अजून रुसलाय का? घराचा विषय तूर्त काढू नकोस असं माझं मत आहे, सविस्तर बोलू. आणि हो, संध्याकाळी तुझे दोन्ही घोटे सुजतात म्हणून काकूंच्या उरलेल्या गोळ्यांतली एक घेऊन बघते असं जे तू लिहिलंयस ते मी गंमत म्हणून सोडणार नाहीये. घेऊ नकोस. तुझी बीपीची गोळी अॅम्लोडिपिन आहे, तिनेच घोटे सुजू शकतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीने नीटशी जात नाही, उगाच पोटॅशियम घालवून बसशील. ती गोळीही मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखव, बदलून देतील. आणि कधी एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी जा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तासभरही थांबू नकोस. काकूंच्या उरलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून टाकून दे बघू, घरात कशाला ठेवल्यायस.

रविवारी दुपारी आई झोपते तेव्हा फोन करते. तेव्हा सांग काकूंचं.

तुझी,
मंजू