आधी रुआन लिंगयू बघ

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. चिनी नटी गाँग लीचे सिनेमे बघून झाले, आता पुढे कोण, असं तू विचारलंयस. मी तर म्हणते, पुढे जाऊच नकोस, साठ वर्षं मागे जा. चिनी मूकपटांतली नटी रुआन लिंगयू बघ.

१९१० मध्ये शांघायला जन्मलेली ही बाई. वडील लहानपणीच गेले. आई एका श्रीमंताघरी मोलकरीण, आणि त्याच घरातल्या धाकट्या मुलाशी, चांग तामिनशी, हिचं सोळाव्या वर्षी जमलं. त्याच सुमारास ती सिनेमात आली. तो जुगारी निघाला. कमवायचं हिने आणि उडवायचं त्याने. हे असले पुरुष सगळ्या मुलखांत एकाच साच्यातून कसे गं निघतात?

ते असो. तिच्याविषयी कुणीही बोलायला लागलं की गाडी थेट तिच्या मरणाशी जाऊन थांबते, त्याचा मला राग येतो. म्हणून तू आधी 'द गॉडेस' बघ. सिनेमा १९३४ चा, आणि दिग्दर्शक वू योंगगांगचा पहिलाच. आपल्याकडे 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्येच बोलायला लागला होता, पण शांघायमध्ये अजून मूकपट निघत होते. एक आई मुलाला वाढवण्यासाठी रात्री धंद्याला उभी राहते, एवढीच गोष्ट. दुसरं कुणी असतं तर रडून पडदा भिजवला असता. ही काय करते? पोलिसांना चुकवत एका गुंडाच्या खोलीत शिरते, तो तिला अडकवतो. तेव्हा ती सरळ टेबलावर चढून बसते आणि त्याच्याकडे सिगरेट मागते. भीती, तिटकारा, 'बरं, हेही बघू' असा बेदरकारपणा, सगळं त्या बसण्यात आहे. मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

पुढे शाळेत मुलाच्या आईचा धंदा कळतो, पालक तक्रारी करतात. मुख्याध्यापक घरी येतात तेव्हा ती हात जोडत बसत नाही, भांडते. मी वाईट असेन, पण माझ्या मुलाला शिकायचा हक्क नाही का, हा तिचा सवाल. आवाज नसूनही तो ऐकू येतो.

तिचे बरेचसे सिनेमे हरवले. 'लव्ह अँड ड्यूटी' (१९३१) मध्ये ती आई आणि मुलगी दोन्ही झाली आहे. त्याची प्रत कित्येक दशकांनी सापडली, तीही कुठे, तर उरुग्वेमध्ये!

आता ते दुसरंही सांगते, कारण 'न्यू वुमन' बघताना ते माहीत असलेलं बरं. आय श्या नावाच्या नटी-लेखिकेने १९३४ मध्ये आत्महत्या केली होती. तिच्या आयुष्यावर साय चुशंगने हा सिनेमा केला, नायिका रुआन. त्यात बातमीदारांची चांगलीच हजेरी घेतली होती. सिनेमा १९३५ च्या सुरुवातीला लागला आणि शांघायचे पत्रकार भडकले. स्टुडिओला माफी मागायला लावली, काही भाग कापायला लावला. तेवढ्याने भागेना. चांग तामिनने तिच्यावर आणि ती ज्याच्यासोबत राहायची त्या चहाच्या व्यापाऱ्यावर, तांग चीशानवर, खटला भरलेला होताच. मग तिचं खाजगी आयुष्य रोज पेपरात यायला लागलं. ८ मार्चला तिने जीव दिला. पंचवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अंत्ययात्रेला लोटली ती गर्दीही बहुधा तेच पेपर वाचणारी.

नंतर पेपरवाले म्हणाले, आमच्यात एवढी ताकद कुठली! त्यावर चिनी लेखक लू शुनने लिहिलं की बलवानांपुढे पेपर दुबळे असतील, पण दुबळ्यांपुढे ते बलवानच असतात. मला तरी हे आजही खोडता येत नाही.

'न्यू वुमन'मध्ये शेवटी इस्पितळात तिची नायिका म्हणते, मला जगायचंय. तिथे माझी हिंमत संपते.

मॅगी चँगने पडद्यावर रुआन साकारली आणि १९९२ मध्ये बर्लिनला पारितोषिक घेतलं, तो 'सेंटर स्टेज'ही सुरेख आहे. पण तो सगळ्यात शेवटी. आधी खरी रुआन बघ, मग तिची भूमिका करणारी. टेबलावरचा तो प्रसंग बघून झाला की मात्र लगेच फोन कर, पत्र लिहीत बसू नकोस.

तुझी,
नीला